टाळेबंदीतील तिजोरी : 2020-21 च्या महाराष्ट्राच्या वित्तीय निर्णयांची कबनूरच्या संदर्भात चिकित्सा

राज्याच्या अर्थसंकल्पावरील टीका महाराष्ट्रात बहुधा तो विधिमंडळात सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि आठवडाभरात संपते. त्या आठवड्यात अर्थमंत्र्यांच्या भाषणातील अभंगांची व काव्यपंक्तींची दखल पुष्कळ घेतली जाते. आकड्यांची त्या मानाने कमी. 2020-21 ह्या वर्षापुरती तर ही सवय फारच फसवी ठरली. त्या वर्षाचा अर्थसंकल्प 6 मार्च 2020 रोजी सादर झाला व रीतसर मंजूरही झाला. परंतु राज्याचा त्या वर्षीचा खरा अर्थसंकल्प कोणता, असा प्रश्न केला तर 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने काढलेल्या शासननिर्णयाकडे बोट दाखवावे लागते. सभागृहात त्यावर चर्चा झालेली नव्हती, त्याला भाषणाची प्रस्तावना नव्हती, आणि त्यात एकही काव्यपंक्ती नव्हती. चिकित्सेचा विषय म्हणून तो मूळ अर्थसंकल्पाहून कितीतरी अधिक मोलाचा आहे.

ह्या शासननिर्णयाने ठरविले ते थोडक्यात असे : चालू वर्षात योजनांवरील तरतुदींपैकी केवळ 33 टक्के निधी उपलब्ध होईल, नवी बांधकामे व नव्या योजना हाती घेतल्या जाणार नाहीत, नवी नोकरभरती होणार नाही, बदल्या होणार नाहीत. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या विभागांना अग्रक्रम राहील. वृत्तपत्रांनी ह्याचे वर्णन ‘विकासखर्चात 67 टक्के कपात’ असे केले, आणि ते चुकीचे नव्हते. तथापि सामान्य वाचकाच्या मनात त्यातून एकूण खर्चच एकतृतीयांश झाल्याचे चित्र उभे राहिले असल्यास ते वस्तुस्थितीला धरून नव्हे. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज ह्या तीन बाबी राज्याच्या महसुली खर्चाचा मोठा भाग व्यापतात, आणि त्यांना हात लावणे जवळजवळ अशक्य असते. मार्च 2020 चे वेतन टप्प्यांत देण्याचा प्रयोग करून पाहण्यात आला. लोकप्रतिनिधींचे 60 टक्के, अ व ब वर्गाचे 50 टक्के, क वर्गाचे 25 टक्के वेतन रोखावयाचे आणि ड वर्गाला पूर्ण द्यावयाचे, अशी ती योजना होती. पण ही कपात नसून केवळ विलंब आहे असा खुलासा शासनाला लगोलग करावा लागला. ह्या खुलाशाची घाईच पुरेशी बोलकी आहे. बांधील खर्च मागे सरत नाही. म्हणून जे बांधलेले नाही त्यावरच सगळा भार येऊन पडतो.

येथे वैधानिक बाजूचाही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. विनियोजन अधिनियम शासनाला खर्चाची कमाल मर्यादा घालून देतो, खर्च करण्याची सक्ती करीत नाही. सबब 33 टक्क्यांचा निर्णय बेकायदेशीर होता असे म्हणता येणार नाही. परंतु सभागृहाने मार्चमध्ये ठरविलेला अग्रक्रम कार्यकारी आदेशाने मे महिन्यात बदलतो, आणि तो पुन्हा सभागृहापुढे पुरवणी मागण्यांच्या विस्कळित स्वरूपातच येतो, ही गोष्ट कायद्यात बसली म्हणून लोकशाहीच्या दृष्टीने समाधानकारक ठरत नाही.

आता राज्य इतके अगतिक का झाले ते पाहिले पाहिजे. मंदीच्या काळात खासगी खर्च आटतो, तेव्हा शासनाने खर्च वाढवून ती उणीव भरावी, हा केन्सचा विचार 1936 पासून पाठ्यपुस्तकांत आहे. पण तो सांगितला गेला आहे नाणे पाडणाऱ्या व मध्यवर्ती बँक हाताशी असलेल्या शासनाच्या संदर्भात. भारतीय घटकराज्य ह्या अर्थाने शासन खरे, पण अर्धेच. केंद्राचे कर्ज शिल्लक असेपर्यंत संविधानाच्या अनुच्छेद 293(3) अन्वये त्याला नवे कर्ज उभारण्यास केंद्राची संमती लागते. 2005 च्या राज्याच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने स्वतःच स्वतःला घातलेली मर्यादा आहेच. रिझर्व्ह बँकेकडून मिळणारी तात्पुरती उचल एप्रिल 2020 मध्ये 60 टक्क्यांनी वाढविण्यात आली, पण ती महिन्याची ओढाताण भागविण्यापुरती. म्हणजे ज्या क्षणी खर्च वाढवावयास हवा नेमक्या त्याच क्षणी तो कमी करण्याची घटकराज्यावर सक्ती होते. हा दोष एखाद्या मंत्रिमंडळाचा नव्हे, रचनेचा आहे.

ह्या रचनेची चिकित्सा मराठी माणसाने फार पूर्वी केलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील प्रबंध 1925 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आर्थिक विकेंद्रीकरण हे प्रांतांवरील विश्वासातून आले नाही, केंद्राच्या तुटीतून आले, हा त्यातील विवेचनाचा एक गाभा होय. 1871 मध्ये काही खाती प्रांतांकडे सोपविताना त्यांबरोबर दिलेली रक्कम मुद्दाम तोडकी ठेवण्यात आली आणि उरलेल्याची सोय प्रांतांनी आपापल्या परीने करावी असे ठरले. नेमणुकांचा काळ, नेमून दिलेल्या महसुलाचा काळ, वाटून घेतलेल्या महसुलाचा काळ असे टप्पे आंबेडकरांनी पाडून दाखविले. पण प्रत्येक टप्प्यात एक गोष्ट कायम राहिली. तुटीच्या वर्षी हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे हाच निर्णायक प्रश्न होता. विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांत हा प्रबंध जितका वाचला जावयास हवा तितका वाचला जात नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

2020 च्या ऑगस्टमध्ये हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्यांनी आपला विक्रीकर आकारण्याचा बहुतांश अधिकार सोडून दिला होता. त्याच्या बदल्यात 2015-16 हे पायाभूत वर्ष धरून दरसाल 14 टक्के वाढीची हमी पाच वर्षांसाठी देण्यात आली. 27 ऑगस्ट 2020 च्या परिषदेच्या बैठकीनंतर केंद्रीय अर्थमंत्र्यांनी साथीचे वर्णन ‘दैवी आपत्ती’ अशा अर्थाच्या शब्दांत केले आणि राज्यांपुढे कर्ज उभारण्याचे दोन पर्याय ठेवले. पुढे ऑक्टोबरात केंद्राने स्वतः कर्ज उचलून ते राज्यांना देण्याचे मान्य केले. तेव्हा राज्याच्या हाती रक्कम आली ती भरपाईच्या वाटेने आली नाही, कर्जाच्या वाटेने आली. पुढे त्याची परतफेड उपकरातून व्हावयाची असली तरी करार करताना गृहीत धरलेली गोष्ट ही नव्हती. महाराष्ट्रासारख्या, जमा होणाऱ्या कराचा मोठा वाटा उचलणाऱ्या राज्याने ह्याविषयी केलेली तक्रार न्याय्य होती, ह्यात संशय नाही.

पण न्याय्य तक्रार हातात असली म्हणजे स्वतःच्या निर्णयांची जबाबदारी टळत नाही. ज्या करांवर राज्याचा स्वतःचा ताबा उरला होता त्यांचे राज्याने काय केले ते पाहावे. 1 जून 2020 पासून पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे 2 रुपयांचा अधिभार वाढविण्यात आला. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून मालमत्तेच्या खरेदीवरील मुद्रांकशुल्क 5 टक्क्यांवरून डिसेंबरअखेरपर्यंत 2 टक्के आणि पुढे मार्चअखेरपर्यंत 3 टक्के करण्यात आले. डिसेंबरात मुंबईत दस्तनोंदणीला अभूतपूर्व गर्दी झाली, आणि हा निर्णय यशस्वी ठरल्याचे सांगण्यात आले. घरबांधणीच्या धंद्याला गती मिळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि पुढे होणारेच व्यवहार सवलतीच्या मुदतीत आधी उरकून घेतले जाणे आणि नवे व्यवहार निर्माण होणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. यशाच्या हिशेबात त्यांची सरमिसळ झाली. शिवाय डिझेलचा बोजा मालट्रकने सूत आणणाऱ्यावर पडला आणि मुद्रांकाची सूट मुख्यतः महानगरातील सदनिका घेणाऱ्याच्या पदरात पडली. दोन्ही निर्णय एकाच तिजोरीचे आणि एकाच वर्षातले होत. त्यांची एकमेकांशी तुलना करण्याची तसदी मात्र अर्थसंकल्पावरील चर्चेत फारशी कोणी घेतली नाही.

मार्च 2021 च्या अर्थसंकल्पात मांडलेले सुधारित अंदाज ह्या वर्षाचे स्वरूप स्पष्ट करतात. मूळ अंदाजात महसुली जमा 3,47,457 कोटी रुपये धरली होती. सुधारित अंदाजात ती 2,89,498 कोटींवर आली. घट सुमारे 17 टक्क्यांची. राज्याच्या आर्थिक पाहणीने त्या वर्षी राज्याची अर्थव्यवस्था 8 टक्क्यांनी आक्रसेल असे म्हटले होते, शेतीत 11.7 टक्के वाढ, उद्योगात 11.3 टक्के घट आणि सेवांमध्ये 9 टक्के घट असा तो पूर्वअंदाज होता. प्रत्यक्ष हिशेब आला तेव्हा महसुली तूट 41 हजार कोटींच्या पुढे गेलेली दिसली. येथवर सारे संकटाच्या चित्राशी जुळते. न जुळणारी गोष्ट पुढे आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हिशेबानुसार त्या वर्षीची राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या 2.69 टक्के, म्हणजे नेहमीच्या 3 टक्क्यांच्या मर्यादेच्याही आत राहिली. आणि ह्याबद्दल राज्याची वाखाणणीही झाली. वास्तविक मे 2020 मध्ये केंद्राने ही मर्यादा त्या वर्षापुरती 5 टक्क्यांपर्यंत वाढविली होती. त्यातील बराच भाग शिधापत्रिका, उद्योगसुलभता, नागरी संस्था व वीजवितरण ह्यांतील सुधारणांच्या अटींनी जखडलेला होता हे खरे; परंतु पहिल्या अर्ध्या टक्क्याला कोणतीही अट नव्हती. म्हणजे निदान साडेतीन टक्क्यांपर्यंतची वाट मोकळी होती.

4 मे चा निर्णय त्या क्षणी समर्थनीय होता, कारण मर्यादावाढीची घोषणा त्यानंतरची आहे आणि टाळेबंदी किती लांबेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. वर्षअखेरीच्या आकड्याविषयी मात्र ही सबब पुरत नाही. जी तूट सोसण्याची परवानगी होती ती न सोसता तिच्या किती तरी आत राहणे, ही लेखापरीक्षकाच्या दृष्टीने शिस्त असेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने, आणि विशेषतः मंदीच्या वर्षी, तो न वापरलेला अवसर आहे. ह्या दोन दृष्टींत भेद न करता केलेली प्रशंसा ही ह्या विषयावरील लेखनातील सर्वांत मोठी उणीव होय.

हा अवसर न वापरल्याची किंमत कोणी मोजली, हे मंत्रालयातून दिसत नाही. त्यासाठी कबनूरसारखे गाव पाहावे लागते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव इचलकरंजीला इतके चिकटलेले आहे की शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे परक्या माणसाला सांगता येऊ नये. 2011 च्या जनगणनेने त्याची नोंद शहर म्हणून केली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे वस्ती, सांडपाणी आणि रहदारी नगराची. उत्पन्नाची साधने घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाच्या अनुदानाची. त्यातही पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा स्वच्छता व पिण्याचे पाणी ह्यांसाठीच राखून ठेवलेला. अशा गावाच्या दृष्टीने राज्याच्या ‘योजना’ ह्या शब्दाचा अर्थ रस्ता, गटार, शाळेची खोली असा होतो. 33 टक्क्यांची कात्री लागते ती नेमकी ह्याच शब्दाला.

गावाचा जीव यंत्रमागात आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातार ह्यांनी सुरू केला. नारायणराव घोरपडे ह्यांच्या जहागिरीच्या आश्रयाखाली हा धंदा वाढला आणि पुढे कबनूर, चंदूर, खोतवाडी, यड्राव, तारदाळ अशा भोवतालच्या गावांत पसरला. ह्या धंद्याची उतरंड बाहेरच्या अभ्यासकाला चटकन उमगत नाही. सूत व्यापाऱ्याचे, सायझिंग दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचे. स्वतःचे सूत न घेता व्यापाऱ्याचे बीम आणून मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक तो ‘खर्चीवाला’. मालक म्हणावा तर त्याच्या नावावर शेड व माग आहेत, कामगार म्हणावा तर त्याला मिळते ती मजुरी. त्याच्या हाताखाली माग चालविणारा कामगार, जॉबर, वहिफणीवाला, कांडी भरणाऱ्या बायका, दिवाणजी. विणकराची मजुरी पिकाच्या हिशेबाने, कापडाच्या मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबते. महिना नावाची वस्तू ह्या हिशेबात नाहीच.

अशा गावावर एकामागून एक आघात झाले. कापडाची मागणी 2019 मध्येच मंदावलेली होती. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर जिल्ह्याची वाताहत केली. राज्याने त्या वेळी पूरग्रस्त भागांसाठी केंद्राकडे सुमारे 6,800 कोटींची मागणी केली होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि खडखडाट थांबला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार गावी परतण्याच्या धडपडीत, आणि स्थानिक कामगार घरी. वीज नियामक आयोगाने उद्योगांच्या स्थिर आकाराची वसुली तीन देयकांपुरती लांबणीवर टाकली; ती माफी नव्हती, स्थगिती होती. जुलै 2021 मध्ये पूर पुन्हा आला.

ह्या सर्व काळात राज्याने कोणालाच काही दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झाली होती, ती टाळेबंदीच्या वर्षातही सोडून दिली गेली नाही. जुलै 2021 च्या आपत्तीनंतर 11,500 कोटींचे साहाय्य जाहीर झाले. आणि ह्या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण बांधकाम कामगारांचे आहे. एप्रिल 2020 मध्ये, तिजोरी सर्वांत रिकामी होती तेव्हा, राज्यातील नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यांत प्रत्येकी 2,000 रुपये जमा करण्याचा निर्णय झाला. हे पैसे अर्थसंकल्पातून आले नाहीत. 1996 च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला आणि त्यातून कल्याणकारी मंडळाचा निधी उभा राहिला. तो आधीच साठलेला होता. कबनूरचा मागवाला आणि कबनूरचा गवंडी एकाच गल्लीत राहत असतील, दोघांचेही काम एकाच दिवशी थांबले असेल. एकाच्या हक्काला कायद्याने निधी बांधून दिलेला होता, दुसऱ्याच्या नव्हता. यंत्रमाग कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळ असावे ही मागणी जुनी आहे. चांगल्या वर्षांत ती पुढे ढकलली गेली, आणि वाईट वर्षात ती पुरी करण्यास पैसा नव्हता.

ह्याच महाराष्ट्राने एकदा निराळी वाट धरली होती, हे विसरता येत नाही. रोजगार हमीचा प्रयोग वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगावकडे, म्हणजे कबनूरपासून फार दूर नव्हे अशा परिसरात, सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले, आणि 1975 मध्ये व्यवसाय करासारखे साधन उभारून पगारदार व व्यावसायिक वर्गाकडून त्यासाठी पैसा गोळा करण्यात आला. 1977 च्या कायद्याने काम मागण्याला हक्काचे स्वरूप मिळाले. संकटाच्या काळात खर्चाला कात्री लावण्याऐवजी त्या पिढीने नवा कर लावला, आणि तो कोणासाठी हे स्पष्ट सांगून लावला. अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. त्या वेळी विक्रीकर राज्याच्या हाती होता, आता नाही. व्यवसाय करालाही अनुच्छेद 276 ने वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, ती 1988 च्या घटनादुरुस्तीची, आणि रुपयाचे मोल इतके उतरल्यावरही ती जागची हललेली नाही. पागे ह्यांच्या काळचे हत्यार 2020 मध्ये कोणी उचलू म्हटले असते तरी ते बोथट झालेले होते. ही मर्यादा वाढवून मिळावी म्हणून राज्याने मात्र भरपाईच्या प्रश्नाइतका आवाज कधी उठविला नाही.

एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लादताना राज्याने 5,476 कोटींचे साहाय्य जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक ह्यांना प्रत्येकी 1,500 रुपये, आदिवासी कुटुंबांना 2,000 रुपये, अशी ती यादी होती. पहिल्या वर्षाच्या सरसकट कात्रीहून ही पद्धत निश्चितच वरच्या दर्जाची. घेणारा कोण हे ती सांगते. पण तिच्यात माग चालविणाऱ्याचे नाव नव्हते. ह्यावर शासनाचे उत्तर कल्पिता येते : ज्याची नोंदच नाही त्याला पैसे पाठवावेत कोठे? प्रश्न रास्त आहे, पण शासनाला यंत्रमाग अपरिचित नव्हते. यंत्रमागांना वीजदरात सवलत देण्याची राज्याची पद्धत जुनी आहे. कोणत्या शेडमध्ये वीजजोडणी आहे, तिचा भार 27 अश्वशक्तीच्या वर की खाली, तिने किती युनिट वापरले, हे सारे सवलतीच्या हिशेबासाठी दर महिन्याला नोंदले जाते. कबनूरमधील प्रत्येक मागाचा मीटर शासनाच्या वहीत आहे. त्या मागापुढे उभा राहणारा माणूस तिच्यात नाही.